शेंगदाणा होय, चिंचोका नाही

आमच्या घरात लोकशाही होती. वैऱ्याच्या घरातही तशी न येवो.

मी मूळची शिरोळची. साठीचं दशक सरता सरता लग्न होऊन कोल्हापुरात आले. मॅट्रिक झालेली, अक्षर सुरेख आणि जीभ तिखट. यातलं अक्षर पाहून सासऱ्यांनी मला पसंत केलं, जिभेचं त्यांना मागाहून कळलं. सासरे हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवत. मी त्यांना मामंजी म्हणत असे. घरात ते, सासूबाई, माझा नवरा, लग्नाची नणंद आणि मी, अशी पाच माणसं. पुढं सोपा, आत दोन खोल्या, मागं परडं.

इतर घरांत सोप्यात देवांच्या नाहीतर पूर्वजांच्या तसबिरी असत. आमच्या सोप्यात राज्यघटनेचा सरनामा काचेच्या चौकटीत टांगला होता. 'आम्ही भारताचे लोक' इथून सुरू होणारा, एका पानाचा. दर सव्वीस जानेवारीला सकाळी आंघोळी करून पाची जणांनी त्याच्यासमोर हात जोडून उभं राहायचं आणि मामंजींनी तो मोठ्यानं वाचायचा. माझ्या पहिल्या वर्षी मी डोक्यावरून पदर घेऊन उभी होते. आत स्टोव्हवर दूध होतं. ते वर येत असणार हे मला कळत होतं, आणि मामंजी 'दर्जाची व संधीची समानता' इथवर पोचले होते. दूध उतू गेलं. सासूबाईंनी दिवसभर मला त्यावरून धारेवर धरलं. नवऱ्याला कोणी बोललं नाही, तो तर स्टोव्हच्या जवळ उभा होता. संधीची समानता म्हणजे काय ते मला त्याच दिवशी निम्मंअर्धं समजलं.

मामंजी वाईट नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्याशी जे वागले ते वाचून तुम्ही त्यांना दुष्ट ठरवाल आणि मला सूट द्याल. मला सूट नको. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, कधी ताट भिरकावलं नाही. सगळं कोल्हापूर 'हाय की, न्हाय की' करत असताना हा एकटा माणूस घरातसुद्धा 'आहे' आणि 'नाही' म्हणायचा. सासूबाई म्हणत, "ह्यांच्याशी भांडायचं म्हंजे आधी पुस्तक वाचाय लागतंय." ते हसत आणि चष्मा पुसत.

सरनामा ते मला समजावून सांगत. भाकऱ्या थापताना मला दुसरं ऐकायला कोण होतं? ते म्हणत, "सूनबाई, सरनामा म्हणजे पत्राचा मायना. पत्र कोणाचं, कोणाला आणि कशासाठी, हे त्यात येतं. राजे लोक प्रजेला फर्मान काढायचे. हे फर्मान नाही. लिहिणारेही आपण आणि ज्यांना पोचायचं तेही आपण. शेवटी बघ काय म्हटलंय: स्वतःप्रत अर्पण करीत आहोत. मालक कोण? लोक."  मला ते खरंच वाटायचं. बावीस वर्षांची होते. भाकरी थापता थापता वाटायचं की आपणही मालक आहोत.

या मालकीची खूण म्हणून घरात सभा भरायची. सव्वीस जानेवारीला वाचन झालं की एक सभा ठरलेली, आणि एरवीही कोणी मागणी केली की भरवायची. सोपा कुठल्या रंगाचा, रेडिओ घ्यायचा की नाही, नणंदेनं वेण्या घालायच्या की अंबाडा, असल्या गोष्टींवर मतदान व्हायचं. मत द्यायला वय एकवीस पाहिजे, कारण देशात तेच होतं. नणंदेला एकवीस पूर्ण व्हायला चार दिवस कमी होते, म्हणून रेडिओच्या वेळी तिला मत मिळालं नाही. ती रडली, तरी मिळालं नाही.

चिठ्ठ्या चालत नव्हत्या. पाच माणसांत एकमेकांचं अक्षर सगळेच ओळखतात, आणि सासूबाईंना लिहिता येत नव्हतं. म्हणून मामंजींनी युक्ती काढली होती. प्रत्येकाच्या हातावर एक भाजलेला शेंगदाणा आणि एक चिंचोका. शेंगदाणा होय, चिंचोका नाही. स्वयंपाकघराच्या दाराआड पाटावर पितळी तांब्या, त्याच्या तोंडाला फडकं. एकेकानं आत जायचं, फडक्याखाली हात घालून हवं ते टाकायचं आणि बाहेर यायचं. मुठीत जे उरेल ते कोणाला दाखवायचं नाही. गुप्ततेचा भंग नको म्हणून सगळ्यांची मतं होईपर्यंत मामंजी आमच्याकडं पाठ करून, सरनाम्याकडं तोंड करून बसत, आणि शेवटी स्वतः उठून जात.

आता यात गोम काय होती ते सांगते. ज्यानं होय म्हटलं त्याच्या मुठीत चिंचोका उरतो. चिंचोक्याचं काय करणार? खिशात टाकायचा नाहीतर परड्यात भिरकावायचा. पण ज्यानं नाही म्हटलं त्याच्या मुठीत भाजलेला शेंगदाणा उरतो, आणि कोल्हापूरचा माणूस हातातला भाजका शेंगदाणा टाकत नाही. तो तोंडात जातो. दाराआडून बाहेर येताना ज्याचा जबडा हलतोय त्याचं मत नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्याच सभेत हे माझ्या ध्यानात आलं. सगळ्यांच्या ध्यानात आलेलं असणार, पण रंग आणि वेण्यांच्या बाबतीत कोण कशाला लक्ष देतंय? मामंजींना तेवढं माहीत नव्हतं. गुप्त मतदानाचा नियम करणारे तेच, आणि पाठ करून बसणारेही तेच.

मला शिक्षिका व्हायचं होतं. हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, पण अजूनही सांगताना राग येतो म्हणून मागं राहिलं. शिरोळला आमच्या शाळेतल्या बाई छत्री घेऊन शेताच्या बांधावरून यायच्या आणि गावातले पाटीलसुद्धा त्यांना वाट द्यायचे. मला तसं व्हायचं होतं. डी.एड.चा फॉर्म मामंजींनीच आणून दिला. तो मी माझ्या सुरेख अक्षरात भरला, आणि जूनच्या आधी ट्रेनिंग कॉलेजचं पत्र आलं: जागा मिळाली आहे, अमुक तारखेच्या आत हजर व्हा.

सासूबाई चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. "दोन वर्सं ही शिकाय जाणार. मग भाकऱ्या कोण थापणार? तो भिंतीवरचा सरनामा?"

मामंजी म्हणाले, "तू जा, सूनबाई. मी तिच्याशी बोलतो."

इथं थांबले असते तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. मामंजींनी समजूत घातली असती, सासूबाईंनी आठ दिवस आदळआपट केली असती आणि मी पिशवी घेऊन कॉलेजला गेले असते. पण मला नुसतं जायचं नव्हतं. मला सासूबाईंना हरवायचं होतं, सगळ्यांसमोर, त्यांच्याच घरात. मी मनात हिशोब केला: माझं एक, मामंजींचं एक आणि नवऱ्याचं एक. पाचांत तीन. नवऱ्याला मी परड्यात गाठून विचारलंही होतं. तो दात घासत होता. तोंडातला फेस थुंकून म्हणाला, "माझं मत तुलाच की! ह्यात काय इचारतीस?" मग मी सोप्यात येऊन पदर खोचला आणि म्हटलं, "मामंजी, माझी मागणी आहे. सभा घ्या."

मामंजींनी एकदा माझ्याकडं बघितलं. "नक्की?"

"नक्की. लोक ठरवतील."

त्यांना इतका आनंद झाला की विचारू नका. घरातल्या बाईनं आपणहोऊन सभा मागितली होती. त्यांनी उजळायला तांब्या काढला.

वयानं लहान तो आधी, असा क्रम होता. नणंद आत गेली आणि बाहेर आली, जबडा हलत होता. ते मी धरलेलंच होतं. मी गेले की भांडी तिच्या गळ्यात पडणार होती. मग मी गेले. माझा शेंगदाणा टाकला आणि चिंचोका कनवटीला खोचला. मग नवरा गेला. त्याला थोडा वेळ लागला. बाहेर आला तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हसला, धीर देतात तसं. हसताना त्याच्या दातांत शेंगदाण्याचा पांढरा चुरा दिसला. तो चावत होता. माझ्याकडं बघत, धीर देत चावत होता.

मला वाटलं, आपण चुकीचं बघतोय. पुन्हा बघितलं. त्यानं गिळलं.

सासूबाई गेल्या आणि खात खातच आल्या, त्यांनी लपवायचे कष्टही घेतले नाहीत. शेवटी मामंजी उठून आत जाऊन आले. "मागणी तुझी, मोजणीही तुझी," असं म्हणून त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. मी तो पाटावर पालथा केला. दोन शेंगदाणे, तीन चिंचोके. मी ते वेगळे करून मांडले, मोठ्यानं मोजले आणि मोठ्यानं निकाल सांगितला. आवाज कापू दिला नाही, एवढंच काय ते मी त्या दिवशी मिळवलं.

मामंजींनी तांब्याचं फडकं घडी घालून ठेवलं. मग म्हणाले, "सभेचा निर्णय सगळ्यांना लागू. मलाही." दुसऱ्या दिवशी ते स्वतः सायकलवरून ट्रेनिंग कॉलेजात गेले आणि आमच्या सूनबाई येऊ शकत नाहीत, जागा दुसऱ्या कोणाला द्या, असं सांगून आले. रिकामी जागा अडवून ठेवणं हा दुसऱ्यावर अन्याय, असं त्यांचं म्हणणं. न्यायाच्या बाबतीत ते फार काटेकोर होते.

नवऱ्याला मी एवढंच विचारलं, "दाणा का खाल्लात?"

तो म्हणाला, "भूक लागलीवती."

त्याच्यासोबत मी आणखी पुष्कळ वर्षं संसार केला. त्या माणसाबद्दल मला राग येत नाही. तो अंगणातल्या बेडकासारखा होता, दिसेल ते तोंडात टाकणारा. घरात गरम भाकरी मिळावी, एवढं एकच त्याचं राजकीय मत होतं.

राग कोणाचा आला ते मला दोन दिवसांनी कळलं. मामंजींचा कोट धुवायला काढला तेव्हा खिशात चिंचोका लागला. म्हणजे दुसरा शेंगदाणा त्यांचाच होता. मनात मला ते आधीच माहीत होतं, तीन जबडे मी मोजले होते. पण हाताला तो कडक, गुळगुळीत चिंचोका लागला आणि माझं डोकं फिरलं. ओल्या हातानंच सोप्यात गेले आणि तो त्यांच्या पुस्तकावर ठेवला.

"तुम्ही माझ्या बाजूनं होता."

"मत गुप्त असतं, सूनबाई."

"तुम्ही घरातले कर्ते. जा म्हणाला असता तर कोणाची छाती होती मला अडवायची?"

"मग ती हुकूमशाही झाली असती."

मी दोन दिवस भाकऱ्या थापता थापता तो सरनामा मनात घोळवत होते, त्यामुळं माझ्याकडं उत्तर तयार होतं. मी म्हटलं, "त्या चौकटीत मतदान हा शब्द कुठं आहे ते दाखवा. न्याय आहे, स्वातंत्र्य आहे, समानता आहे. ते सगळं आधी लिहून ठेवलंय. मतपेटीचं कलम तुमच्या पुस्तकात कितवं? तीनशेच्या पुढं. म्हणजे आधी ठरलंय की माणसाला संधी द्यायची, आणि मग बाकीच्या गोष्टींवर मतं घ्यायची. मी शिकायचं की नाही, हे सासूबाईंनी आणि वन्संनी कसं ठरवायचं? माझं शिकणं म्हणजे काय सोप्याचा रंग आहे?"

ते चष्मा पुसत बसले. त्यांना ते पटलं होतं, मी त्यांच्या तोंडावर वाचलं. शाळेत कुठल्या पोरानं एवढं बरोबर उत्तर दिलं असतं तर त्यांनी पाठ थोपटली असती. मग हळू आवाजात म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण मागणी तू केलीस."

खरं होतं ते. म्हणून तर जास्त लागलं. ज्यांनी माझ्या विरुद्ध मत दिलं त्यांना मी पुढं माफ केलं, निदान विसरले. ज्यानं माझ्या बाजूनं मत दिलं आणि हात झटकले, त्याला मी माफ केलं नाही. त्याच्या तत्त्वाला गालबोट लागलं नाही आणि माझं आयुष्य चुलीत गेलं. तो चिंचोका मी उचलून शिवणाच्या डब्यात टाकला. अजून आहे.

नंतर आणीबाणी आली. त्या सव्वीस जानेवारीला मामंजींनी सरनामा वाचायच्या आधी सोप्याची खिडकी लावून घेतली आणि दबक्या आवाजात वाचला. आमच्या गल्लीत एक मुसलमान फ्रेमवाले होते, पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी. सरनाम्याची चौकट त्यांनीच बनवलेली. ते बाहेरून ओरडले, "मास्तर, खिडकी का लावलीसा? आज आवाज न्हाय आला!" मामंजी म्हणाले, "वारा फार आहे." वाऱ्यानं बाहेर एक पान हलत नव्हतं. आयुष्यभर पोरांना 'मालक कोण? लोक' असं घोकायला लावलेला माणूस वाऱ्याला भिऊन बसला होता. मला हसू आलं आणि मी ते लपवलं नाही.

पुढं सरनाम्यात नवे शब्द घातल्याचं पेपरात आलं. समाजवादी, धर्मनिरपेक्ष, आणि खाली कुठंतरी एकात्मता. मामंजींनी चौकट उतरवली आणि माझ्यापुढं ठेवली. "तुझं अक्षर छापल्यासारखं आहे. पट्टीवर लिहून चिकटव." त्यांना स्वतःला बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं, ते तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

मी टाक उचलला आणि म्हटलं, "मामंजी, 'आम्ही लोक' म्हणून सही आमची. आणि मजकूर बदलताना आमची सभा काही कोणी घेतली नाही."

"लिही," ते म्हणाले.

"शब्द चांगले आहेत हो. पण आम्हाला विचारलं का कोणी?"

"लिही, सूनबाई."

मी लिहिलं. सुंदर लिहिलं. आमच्या घरात माझ्या शिक्षणाचा झाला तो एवढा उपयोग.

नणंद लग्न होऊन शाहूवाडीकडं गेली. सासूबाई वारल्या. मला दोन मुलं झाली, ती शाळेत जाऊ लागली. ऐंशी साल उलटेपर्यंत मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. आधी पेपर नाकाला लागला, मग माझ्या हातात आला. रोज सकाळी मी त्यांना वाचून दाखवायची. खरं सांगते, काय वाचायचं ते मी ठरवायची. विधानसभेत काय झालं हे त्यांना हवं असायचं, आणि मी निधनवार्ता वाचायची. एकामागून एक, अंत्ययात्रेच्या वेळेसकट. ते म्हणत, "अग्रलेख नाही का आज?" मी म्हणे, "नाही. आज जागा नाही." ते मान हलवत. छापलेला शब्द हातात असणाऱ्याची किती सत्ता असते, हे मला तेव्हा कळलं, आणि ती मला आवडली.

त्या वर्षी गडमुडशिंगीच्या शाळेत नेत्रशिबिर भरणार होतं. डॉक्टरांनी मामंजींना तपासून सांगितलं की ऑपरेशन केलं तर दिसेल, पण आता लांबवू नका. सोबत एक माणूस हवं, आठ दिवस डोळ्याला पट्टी, हलायचं नाही, भरवायचं-पुसायचं त्या माणसानं. जेवताना मामंजी म्हणाले, "मला शिबिराला न्या. एकदा परत वाचता आलं की बस."

नवरा म्हणाला, "बघू की." म्हणजे नाही. त्याला ऑफिसातून रजा नको होती, आणि मी आठ दिवस तिकडं गेले तर गरम भाकरी कुठून येणार?

मी आमटी वाढत होते. वाढता वाढता म्हटलं, "मामंजी, मागणी करा. सभा घेऊ."

त्यांचा चेहरा उजळला. कितीतरी वर्षांत सभा भरली नव्हती. सासूबाई गेल्यावर ती प्रथा आपोआप बंद पडली होती. मुलांना एकवीस व्हायला अजून अवकाश होता, म्हणजे तिघांची सभा. त्यांचं स्वतःचं एक मत होतंच, आणखी एकच हवं होतं. आपण एकदा हिला मत दिलंय आणि हिला ते माहीत आहे, असं त्यांच्या मनात आलं असणार. ते ताठ बसले आणि म्हणाले, "माझी मागणी आहे. सभा घ्या." अगदी माझ्यासारखंच.

दुसऱ्या दिवशी मी तांब्या चिंचेनं घासून लखलखीत केला. त्यांना दिसणार नव्हता, तरी केला. प्रत्येकाच्या हातावर शेंगदाणा आणि चिंचोका ठेवला. त्यांना दाराआड जाता येत नव्हतं, म्हणून तांब्या सोप्यातच फिरवायचं ठरलं. लहान तो आधी, म्हणून मी आधी. पण मी म्हटलं, "आज मागणी करणाऱ्यानं आधी टाकावं." त्यांनी फडक्याखाली हात घातला. एक हलका आवाज झाला. मूठ मिटून त्यांनी मांडीवर ठेवली.

मग नवरा. त्यानं टाकलं, आणि दुसऱ्या क्षणी त्याचा जबडा हलायला लागला. त्याच्या ते गावीही नव्हतं.

मग मी. माझ्या तळहातावर दोन्ही होते. शेंगदाणा टाकला असता तर दोन विरुद्ध एक, आणि म्हातारा माणूस आठ दिवसांनी पेपर वाचायला लागला असता. हे मला स्वच्छ कळत होतं. मी उगाच असं म्हणणार नाही की हात थरथरला, कारण तो थरथरला नाही. मी चिंचोका टाकला. मग त्यांच्या अगदी शेजारी बसले आणि शेंगदाणा तोंडात टाकून दाढेखाली फोडला.

त्यांनी मान वळवली. डोळे गेल्यापासून त्यांचे कान तिखट झाले होते. "कोण खातंय?"

 नवऱ्याचा जबडा थांबला. मी चावत राहिले.

"दोघं खाताय," ते म्हणाले. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटत गेलं. उरलेला शेंगदाणा खायचा, तर टाकला तो चिंचोका. नागरिकशास्त्राचे मास्तर होते, त्यांना किती वेळ लागणार? आपल्या हयातीत आपल्या घरात एकही मतदान गुप्त झालं नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. आपण भिंतीकडं तोंड करून बसत होतो आणि आपल्या पाठीमागं सगळं उघड चाललं होतं.

"पहिल्यापासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून. माझ्या वेळीसुद्धा. मी तीन जबडे मोजले होते, मामंजी."

त्यांनी हात पुढं केला, हवेतच. मग ज्या माणसाच्या तोंडून मी जन्मात 'हाय' ऐकलं नव्हतं, तो म्हणाला, "डोळं माझं हायती, पोरी. माझ्या डोळ्यांवर तुम्ही कसली मतं घेतासा?"

हेच. हेच वाक्य सभा मागायच्या आधी मला सुचलं असतं तर मी आज छत्री घेऊन शाळेत निघाले असते. त्यांना ते तेव्हा माहीत होतं. पुस्तकात होतं, भिंतीवर होतं, माझ्या तोंडून त्यांनी ऐकलं होतं आणि बरोबर आहे असं म्हटलंही होतं. पण स्वतःच्या डोळ्यांवर येईपर्यंत ते त्यांच्या जिभेवर आलं नाही.

मी म्हटलं, "मागणी तुम्ही केलीत, मामंजी. सभेचा निर्णय सगळ्यांना लागू. मलाही."

तांब्या पालथा केला आणि त्यांच्या तळहातावर एकेक ठेवत मोजलं. एक शेंगदाणा. एक चिंचोका. दोन चिंचोके. त्यांनी बोटांनी चाचपून बघितलं आणि मूठ मिटली. "निकाल मान्य," ते म्हणाले, परत त्यांच्या शुद्ध भाषेत.

मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. लग्नात, बाळंतपणात, मुलगा पहिला आला तेव्हा, कधीच एवढं बरं वाटलं नव्हतं. ते किती दिवस टिकलं ते मात्र विचारू नका.

पुढं गल्लीतले लोक बोलायला लागले. फ्रेमवाल्यांनी तर नवऱ्याला रस्त्यात अडवून विचारलं, "मास्तरांचं डोळं दावनार हायसा की न्हाय?" तेव्हा नवरा लाजला आणि पुढचं शिबिर भरलं तसं घरी येऊन म्हणाला, "चला आबा, जाऊया." मामंजी म्हणाले, "ठराव झालेला आहे. तो मोडायचा तर सभा लागेल." त्यांनी सभा मागितली नाही. मी पण मागितली नाही. मी एक शब्द बोलले असते तर ते आले असते, हे मला माहीत होतं, आणि बहुतेक त्यांनाही. मी तांदूळ निवडत राहिले. पुढच्या उन्हाळ्यात डोळे दुखायला लागले, रात्रंदिवस. तेव्हा नवऱ्यानं त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आता उशीर झाला.

तरी सव्वीस जानेवारी चुकली नाही. वाचन आता माझ्याकडं आलं होतं, त्यासाठी सरनामा मी एका पानावर उतरवून घेतला होता. आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून मामंजी चाचपडत सोप्यात आले आणि हात जोडून उभे राहिले. फक्त त्यांची दिशा चुकली. सरनामा त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर होता. त्यांच्या पुढ्यात खुंट्या होत्या, आणि खुंट्यांवर नवऱ्याचे दोन मळके सदरे आणि एक छत्री. नवऱ्यानं ते बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. मी वाचायला सुरुवात केली. आत स्टोव्हवर दूध होतं, म्हणून भराभरा वाचत होते. न्यायाच्या ओळीशी त्यांनी हात वर करून थांबवलं.

"सावकाश वाच, पोरी. ती ओळ परत घे."

मी ती ओळ परत वाचली, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. दोन पावलं पुढं होऊन त्यांच्या खांद्याला हात लावायचा अवकाश होता. मी हातातलं पान घट्ट धरून शेवटपर्यंत वाचत गेले, 'स्वतःप्रत अर्पण करीत आहोत' इथवर. वाचन संपल्यावर त्यांनी खुंटीवरच्या सदऱ्यांना वाकून नमस्कार केला आणि जमिनीला हात टेकून खाली बसले.